एका विशेषणाची कुळकथा

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. आमच्या पुतण्याची धाकटी कन्या भूगर्भशास्त्रांत एम्. एस्सी. झाली, तिला पंचविसावें वर्ष लागलें, आणि आतां तिच्यासाठीं स्थळें पाहावयास आरंभ करावा असें घरांत ठरलें. हल्लीं स्थळ पाहावयाचें म्हणजे आधीं एक कागद तयार करावा लागतो; त्यास सर्वजण बायोडेटा म्हणतात. पूर्वीं पत्रिका, गोत्र आणि मध्यस्थाचें तोंड एवढ्यावर काम भागत असे. आतां उंची, शिक्षण, पगार, आवडीनिवडी यांच्या जोडीस मुलीचा स्वभाव सांगणारीं दोनचार इंग्रजी विशेषणेंही लागतात. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हीं सारा जन्म इंग्रजी आणि संस्कृत शिकविण्यांत घालविला. हीं विशेषणें तुम्हींच घाला." आम्हीं घातलीं. त्यांतलें एक 'अँबिशस' हें होतें.

तें घालतांना आमच्या मनांत किंचितही शंका आली नाहीं. ही मुलगी दोन उन्हाळे डोक्यास फडकें बांधून गांवोगांव विहिरींतील पाण्याची पातळी मोजीत हिंडली आहे. तिची ती ईर्षा एका शब्दांत सांगावयाची तर याहून चांगला शब्द कोणता, असें आम्हांस वाटलें.

तीन आठवड्यांनीं एका घरून निरोप आला. घर सुशिक्षित, माणसें सालस, पत्रिकाही जमलेली. निरोप असा कीं, मुलगी सर्व दृष्टींनीं चांगली आहे, परंतु जरा फार अँबिशस दिसते. आमच्याकडे एकत्र कुटुंब आहे, तिला जड जाईल. पुतण्याची मुद्रा उतरली. सूनबाई आम्हांस कांहीं बोलल्या नाहींत, पण त्या दिवशीं चहा आमच्यापुढें न बोलतांच ठेवला गेला, तेवढ्यावरून आम्ही समजलों. मुलगी मात्र आमच्या खोलींत आली ती मुलाकडचा कागद हातांत घेऊन. त्याच्या दुसऱ्याच ओळींत मुलाच्या वर्णनांत तेंच विशेषण होतें. ती म्हणाली, "आजोबा, एकच शब्द त्यांच्या मुलाला दागिना आणि मला डाग, हें कसें काय?"

आम्हांस त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. ज्यानें जन्मभर मास्तरकी केली त्यास उत्तर न सुचणें यासारखी टोचणी दुसरी नाहीं. म्हणून आम्हीं कपाटांतील कोश खालीं काढले. त्यांत जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहों. कारण ज्या ज्या घरांत उपवर मुली आणि नोकरीचे अर्ज लिहिणारे मुलगे आहेत, त्या त्या घरांत हा शब्द आज ना उद्यां शिरणारच.

शब्दाचें कुळ लॅटिन. त्या भाषेंत 'अंबिरे' असें एक क्रियापद आहे. 'अंबि' म्हणजे दोन्ही बाजूंनीं, सभोंवार. 'इरे' म्हणजे जाणें. एकूण अर्थ भोंवतीं जाणें, फेरी घालणें. संस्कृताची ओळख असलेल्या वाचकांचे कान येथें टवकारतील. आपला 'अभितः' आणि तो 'अंबि' हे सख्खे चुलत भाऊ. आपल्या 'एति' मधील इ धातु आणि तो 'इरे' हेही एकाच मूळ घरचे. तेव्हां या इंग्रजी विशेषणाला संस्कृत वेष द्यावयाचा तर 'अभितः एति', सभोंवार हिंडतो, एवढेंच म्हणावें लागेल. मूळ शब्दांत आकांक्षा नाहीं आणि महत्त्वही नाहीं. आहे ती नुसती पायपीट.

ही पायपीट कोण करी? प्राचीन रोममध्यें दरसाल अधिकाऱ्यांच्या निवडणुका होत. ज्यास अधिकार हवा असे तो खडूनें पांढराशुभ्र केलेला टोगा अंगावर घेऊन चौकांत उतरे, भेटेल त्याचा हात हातांत घेई, नांवानें हांक मारी, घरच्यांची चौकशी करी. लॅटिनमध्यें शुभ्र म्हणजे 'कँडिडस'; त्यावरून तो मनुष्य 'कँडिडेटस', आणि त्यावरूनच इंग्रजींतला कँडिडेट. हजारों मतदारांचीं नांवें कोणाच्या लक्षांत राहणार? म्हणून बरोबर एक गुलाम असे. समोरून येणाऱ्याचें नांव धन्याच्या कानांत सांगणें एवढेंच त्याचें काम. या फेऱ्या घालण्यास 'अंबिटिओ' म्हणत, आणि तींत पैसा शिरला म्हणजे तिलाच 'अंबिटस' हें गुन्ह्याचें नांव मिळे. एका धातूचीं दोन पोरें, एक घरंदाज आणि एक वाह्यात. पुढें वाह्यातानें इतका जोर केला कीं, सिसेरो कॉन्सल असतां, इ. स. पूर्वी ६३ सालीं, या लांचलुचपतीस दहा वर्षें हद्दपारीची शिक्षा सांगणारा कायदा करावा लागला.

त्याच काळचा कनिष्ठ केटो हा मोठा करारी पुरुष. उमेदवारानें नांवें सांगणारा गुलाम बाळगूं नये असा एक नियम झाला. तो इतर सर्वांनीं धाब्यावर बसविला, एकट्या केटोनें पाळला. लोकांचीं नांवें त्यानें स्वतः पाठ केलीं, असें प्लुटार्क सांगतो. हाच केटो पुढें ५१ सालच्या कॉन्सलपदासाठीं उभा राहिला, परंतु दारोदार आर्जवें करीत हिंडण्याचें त्यानें नाकारलें, आणि तो पडला. त्यानें त्याचें कांहीं दुःख मानलें नाहीं. ज्यास पद हवें होतें पण 'अंबिटिओ' नको होती, असा तो एक विलक्षण मनुष्य. आमच्या पिढींतील कित्येक मास्तर मुख्याध्यापक कां झाले नाहींत याचें उत्तर यांत आहे, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्यांतले कांहीं नुसते आळशीही होते.

असो. सांगावयाचें तें हें कीं, शब्द जन्मला तोच थोडा काळवंडलेला जन्मला. दुसऱ्याच्या देण्यांत असलेली वस्तु मिळविण्यासाठीं त्याच्या भोंवतीं घिरट्या घालणारा, ही त्याची पहिली छाया. आणि ती इंग्रजींत येऊनही कित्येक शतकें पुसली गेली नाहीं. शेक्सपिअरचें 'ज्यूलिअस सीझर' हें नाटक १५९९ च्या सुमाराचें. त्यांत सीझरला मारल्यावर ब्रूटस लोकांपुढें येऊन खुनाचें कारण म्हणून हेंच एक विशेषण उच्चारतो. सीझर अँबिशस होता, म्हणून त्यास मारलें. याहून अधिक पुराव्याची त्यास गरजच वाटत नाहीं. त्यानंतर अँटनी उठतो आणि तोच शब्द पुनःपुन्हां घोळवून, तीन वेळां पुढें केलेला मुकुट तीनही वेळां परत करणारा मनुष्य असा असतो काय, असें विचारून त्या शब्दाची धार ब्रूटसवरच उलटवितो. वर्गांत हा प्रवेश शिकवितांना मुलें नेहमीं अडखळत. "सर, अँबिशस असणें चांगलें ना? मग मारलें कां?" असा प्रश्न दर दोनचार वर्षांनीं एखादा मुलगा हमखास विचारी. आम्ही तेव्हां "त्या काळीं तो वाईट अर्थानें वापरीत" एवढें सांगून पुढच्या ओळीवर जात असूं. आज पश्चात्ताप होतो. प्रश्न त्या मुलांचा खरा होता आणि उत्तर आमचें अर्धें होतें.

बेकनचें मत मध्यम आहे. त्याच्या निबंधांच्या १६२५ च्या आवृत्तींत या विषयावर एक छोटासा निबंध आहे. तेथें तो या वृत्तीस पित्ताची उपमा देतो. वाट मोकळी असली तर पित्त माणसास चलाख आणि उद्योगी करतें. वाट कोंडली कीं तेंच जळून विषारी होतें. आपल्या वैद्यांसही ही उपमा पटावी. घरांत हुशार सुनेस दिवसभर कोंडून ठेवल्यानें काय होतें हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस तर निराळें सांगावयास नको.

मग डाग लागलेला हा शब्द दागिना कसा झाला? आमची समजूत अशी. ज्या समाजांत प्रत्येकाची पायरी जन्मतःच ठरलेली असते, तेथें वरच्या पायरीवर डोळा ठेवणें हा अपराधच होय. वरची जागा रिकामी नसते, कोणाला तरी ढकलल्यावांचून ती मिळत नाहीं. परंतु पुढें व्यापार वाढला, परीक्षा आल्या, नोकऱ्या गुणांवर मिळूं लागल्या, नव्या जागा निर्माण होऊं लागल्या. तेव्हां वर पाहणारा मनुष्य दुसऱ्याच्या ताटांतलें ओढतोच असें राहिलें नाहीं. समाज बदलला तसा शब्दाचा रंग पालटला. आज नोकरीच्या जाहिरातींत मालक स्वतःच असा मनुष्य हवा म्हणून सांगतो. तरी जुना रंग अगदीं गेला आहे असें नाहीं. इंग्रज मनुष्य एखाद्या बेतास हें विशेषण किंचित् हंसून लावतो, तेव्हां "हें कांहीं तुमच्या हातून व्हावयाचें नाहीं" असा त्याचा अर्थ असतो. आणि मागें 'ओव्हर' लागलें म्हणजे तर संशयच नको.

येथें त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस प्रथम दिसलें. एका शब्दांत दोन युगें राहतात. वरपक्षानें मुलाचा कागद नव्या युगाच्या चष्म्यानें लिहिला आणि मुलीचा कागद जुन्या युगाच्या चष्म्यानें वाचला. मुलगा बाहेरच्या जगांत जाणार, तेथें नव्या जागा आहेत. मुलगी त्यांच्या घरांत येणार, आणि घरांतल्या जागा त्यांच्या मतें पूर्वींच भरलेल्या आहेत. सासूची जागा आहे, मोठ्या जावेची जागा आहे. तेथें वर पाहणारी सून म्हणजे शुभ्र टोगा घालून चौकांत उतरलेला उमेदवारच! लोक वाईट नव्हते. शब्दांतला रोम त्यांना ऐकूं आला, इतकेंच.

या शब्दाचा एक भाऊबंद आहे, 'अस्पायरिंग'. पुष्कळ लोक दोहोंस एकच समजतात, तें बरोबर नव्हे. हाही लॅटिन, पण त्यांत पाय नाहींत, श्वास आहे. मूळ अर्थ एखाद्या वस्तूच्या दिशेनें श्वास सोडणें. यावरूनच इंग्रजी व्याकरणांत ख, घ, थ, ध यांसारख्या वर्णांस 'अस्पिरेट' म्हणतात. आपल्या शिक्षाकारांनीं त्यांस महाप्राण म्हटलें आहे. म्हणजे जो ऊर भरून श्वास सोडतो तो महाप्राण वर्ण, आणि जो ऊर भरून वर पाहतो तो 'अस्पायरिंग' मनुष्य. पूर्वीं इंग्रज लोक उंच जाणाऱ्या ज्वाळेस आणि मनोऱ्यासही हें विशेषण लावीत. भर्तृहरीनें नीतिशतकांत धैर्यवंताचें वर्णन करितांना, मशाल उलटी धरली तरी ज्वाळा खालीं जात नाहीं, असें म्हटलें आहे, त्याची येथें आठवण होते.

प्रयोगांतील भेद असा. 'अस्पायरिंग' गायक म्हणजे जो अजून गायक झालेला नाहीं, होऊं पाहतो. 'अँबिशस' गायक म्हणजे जो गायक आहेच, पण तेवढ्यावर समाधान मानीत नाहीं. पहिल्यास लोक कौतुकानें पाहतात, दुसऱ्याकडे थोडे सावधपणानें. नामाच्या मागें पहिला शोभतो, विधेयांत एकटा उभा केला तर लंगडतो. दुसरा दोन्हीकडे ताठ उभा राहतो. पहिल्यास मराठींत एक अस्सल शब्द आहे, 'होतकरू', आणि तो इंग्रजीहून सरस आहे, कारण त्यांत होण्याची क्रिया चालू असल्याचा भास आहे. 'होतकरू मुलगा' असें सर्व म्हणतात; 'होतकरू मुलगी' असें म्हणून पाहा, कानाला जरा अपरिचित लागतें. लागूं नये.

या घराण्यांतलें सर्वांत तरुण अपत्य म्हणजे 'अस्पिरेशनल'. जानेवारी २०१८ मध्यें केंद्र सरकारनें मागें राहिलेल्या जिल्ह्यांसाठीं एक कार्यक्रम काढला, आणि मागास हा जुना शब्द टाकून त्यांस हें विशेषण दिलें. देशांत असे ११२ जिल्हे आहेत. आपल्याकडील नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि तेव्हांचें उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, हे त्यांतले चार. हेतु चांगला, कोणासही मागास म्हणून पुढें नेतां येत नाहीं. परंतु मराठी करणारांनीं गोंधळ केला. कोठें 'आकांक्षी जिल्हा' असें वाचावयास मिळतें, कोठें 'आकांक्षित जिल्हा'. आकांक्षी म्हणजे इच्छा करणारा. आकांक्षित म्हणजे ज्याची इच्छा दुसऱ्यानें केली तो. गडचिरोलीस कांहीं हवें आहे, कीं गडचिरोली कोणास हवी आहे? तेथील जंगल आणि खनिज मनांत आणलें म्हणजे हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाहीं. परंतु तो आमचा आजचा विषय नव्हे.

आतां आपल्या घरांत येऊं. आपला जुना शब्द 'उमेदवार'. उमेद हा फारसी शब्द, अर्थ आशा. रोमन माणसानें कँडिडेटचे कपडे पाहिले, फारशी माणसानें त्याचें मन पाहिलें. पूर्वीं कचेरींत बिनपगारी काम शिकत, एखादी जागा रिकामी होईल म्हणून वाट पाहत बसणारा तो उमेदवार. आज पुण्याच्या सदाशिव पेठेंतल्या अभ्यासिकांत स्पर्धापरीक्षेचीं पुस्तकें घेऊन बसणारीं हजारों मुलें त्याच जातीचीं आहेत. इंग्रजी वर्तमानपत्रें त्यांस 'अस्पायरंट' म्हणतात. श्वास रोखून बसलेल्यांना श्वास सोडणारे म्हणावें, ही एक गंमतच. याखेरीज हौस आहे, हाव आहे, जिद्द आहे. जिद्द हा मूळचा अरबी. तेथें त्याचा अर्थ विरोध असा, आपण त्यास गुण केलें. ईर्षेचेंही तेंच. संस्कृतांत ईर्ष्या म्हणजे मत्सर. मराठींत ईर्षेनें अभ्यास करणाऱ्या मुलाची पाठ थोपटतात. म्हणजे डागाचा दागिना करण्याची कला आपल्या भाषेस ठाऊक नाहीं असें नाहीं.

'महत्त्वाकांक्षा' हा जोडशब्द मात्र इंग्रजी विद्येच्या पाठोपाठ रूढ झालेला, आणि आमच्या मतें थोडा फसलेला. (महत् यास त्व लागून महत्त्व होतें, त्यांत दोन त आहेत. पाट्यांवर, पत्रिकांवर आणि आतां भ्रमणध्वनीवरही एक त कापून लिहितात, तो कोणाच्या खिशांत जातो कोण जाणे.) फसलेला अशासाठीं कीं, या शब्दानें इच्छेचा विषय एकच ठरवून टाकला, महत्त्व, मोठेपणा. ज्यास विहिरींचें पाणी कां आटतें हें शोधावयाचें आहे, त्यास मोठेपणा कोठें हवा आहे? परंतु त्याच्या इच्छेस दुसरें नांव नाहीं म्हणून त्याच्याही गळ्यांत महत्त्व बांधलें जातें. शिवाय वर्तमानपत्रांत 'महत्त्वाकांक्षी योजना' आणि 'महत्त्वाकांक्षी पूल' असे प्रयोग रोज दिसतात. जड वस्तूस कसली आली इच्छा, असें आम्ही एकदां रागानें म्हणालों होतों. नंतर आठवलें कीं, आपल्या वैयाकरणांनीं जडासही इच्छार्थक रूप दिलें आहे. नदीचा कांठ पडूं इच्छितो, म्हणजे पडण्याच्या बेतांत आहे, हें त्यांचें प्रसिद्ध उदाहरण. त्या न्यायानें महत्त्वाकांक्षी पूल म्हणजे काय, हें वाचकांनींच ठरवावें.

'आकांक्षा' हा शब्द मात्र सोन्यासारखा आहे. तर्कसंग्रह शिकलेल्यांस तो निराळ्याच ठिकाणीं भेटलेला असतो. वाक्याचा अर्थ कळावयास तीन गोष्टी लागतात, असें अन्नंभट्ट सांगतो. आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि. एका पदास दुसऱ्या पदाची गरज वाटणें ही आकांक्षा. गाय, घोडा, पुरुष, हत्ती असे शब्द नुसते ओळीनें उच्चारले तर वाक्य होत नाहीं, कारण कोणालाच कोणाची गरज नाहीं. विस्तवानें शिंपावें, यांत आकांक्षा आहे, पण विस्तवाच्या अंगीं शिंपण्याची योग्यता नाहीं. आणि एक पद सकाळीं, दुसरें दुपारीं उच्चारलें, तर सन्निधि नाहीं. नैयायिकांची आकांक्षा म्हणजे मोठें होण्याची इच्छा नव्हे, अपुरेपणाची जाणीव आहे. पुरें होण्यासाठीं दुसऱ्याकडे पाहणें आहे. हाच अर्थ वरपक्षाच्या घरीं पोंचता तर एकत्र कुटुंबास त्याची भीति वाटण्याचें कारण नव्हतें. एकत्र कुटुंब तरी दुसरें काय आहे? तेंही एक लांबलचक वाक्यच.

परंतु आम्हांस खरा चटका लावला तो पाणिनीनें. धातूस सन् प्रत्यय लावून इच्छार्थक रूपें करतात, हें आपण शाळेंत शिकलों. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा. पिण्याची इच्छा ती पिपासा. मुक्त होऊं इच्छिणारा मुमुक्षु. जिंकूं इच्छिणारा विजिगीषु. ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा, आणि जो ऐकूं इच्छितो तोच सेवा करतो, म्हणून आज रुग्णाच्या सेवेस आपण तें नांव देतों. या प्रत्ययास पाणिनीनें एक अट घातली आहे. इच्छा करणारा आणि ती क्रिया करणारा हे दोघे एकच असले पाहिजेत. यज्ञदत्तास वाटतें कीं देवदत्तानें जेवावें, तर तेथें हें रूप चालत नाहीं. इंग्रजी व्याकरण याबाबतींत उदार आहे. त्यांत 'अँबिशस' पुढें 'फॉर' घालून मुलाचें नांव ठेवलें कीं बापाची इच्छा मुलाच्या माथीं मारतां येते, आणि वाक्यही शुद्ध ठरतें.

आम्हीं हें वाक्य पुष्कळ वर्षें जगलों आहों. आम्ही मॅट्रिक झालों तेव्हां घरची परिस्थिति कॉलेजाची नव्हती. संस्कृत आम्हीं एका शास्त्रीबोवांच्या ओसरीवर पुरें केलें, पण पदवी राहिली ती राहिलीच. पुढें मुलगा झाला, तेव्हां तो संस्कृताचा एम्. ए. होणार हें आम्हीं त्याच्या मुंजींतच ठरविलें. त्यास यंत्रांची आवड होती. सहावीसातवींत तो घरांतलें घड्याळ खोलून बसे आणि आम्ही त्यास शब्दरूपें म्हणावयास लावूं. दहावीला त्यास संस्कृतांत उत्तम गुण मिळाले, आणि निकालाच्याच संध्याकाळीं त्यानें शांतपणें सांगितलें कीं, आपण यापुढें संस्कृताचें पुस्तक उघडणार नाहीं. त्यानें तें वचन आजवर पाळलें आहे. आज तो एका कारखान्यांत मोठ्या जबाबदारीच्या जागेवर आहे, आमची काळजी घेतो, दर रविवारीं फोन करतो. परंतु आम्ही एखादें सुभाषित म्हणूं लागलों कीं तो विषय बदलतो. पाणिनीची अट आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां शिकविली. घरीं मात्र तिचा अर्थ आम्हांस त्या संध्याकाळपर्यंत कळला नव्हता.

या अटीच्या दोन्ही बाजू एकाच चरित्रांत दिसतात, तें डॉ. आनंदीबाई जोशी यांचें. त्यांचा जन्म १८६५ सालचा. लग्न नवव्या वर्षीं. शिकण्याची इच्छा आरंभीं त्यांची नव्हतीच, ती गोपाळरावांची. गोपाळराव इतके हट्टी कीं, अभ्यास टाळला म्हणून त्यांनीं पत्नीस मारल्याचेंही चरित्रांतून वाचावयास मिळतें. तोंवर आनंदीबाई म्हणजे दुसऱ्याच्या इच्छेचा देवदत्त. मग चौदाव्या वर्षीं त्यांना मूल झालें आणि दहा दिवसांत गेलें. स्त्रियांस वैद्यकीय साहाय्य मिळत नाहीं म्हणजे काय, हें त्यांना कोणी शिकवावें लागलें नाहीं. त्यानंतर इच्छा करणारी आणि क्रिया करणारी एक झाली. फेब्रुवारी १८८३ मध्यें, अठरावें वर्षही पुरें झालेलें नसतां, बंगालमधील सेरामपूरच्या कॉलेजांत लोकांपुढें उभें राहून, आपण अमेरिकेस कां जाणार, एकट्या कां जाणार, हें त्यांनीं इंग्रजींत भाषण करून सांगितलें. त्याच वर्षीं त्या पतीवांचून समुद्रपार गेल्या. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या एम्. डी. झाल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली, आणि काम हातीं येण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांना त्या काळीं लोकांनीं बरींच नांवें ठेविलीं. महत्त्वाकांक्षी हें नांव त्यांतल्या त्यांत सौम्य ठरावें. परंतु महत्त्व त्यांनीं कधीं मागितलें होतें? त्यांनीं मागितलें होतें तें एक विशिष्ट काम.

हें सर्व आम्हीं एका संध्याकाळीं मुलीस सांगितलें. तिनें ऐकून घेतलें आणि मग तिच्या पद्धतीप्रमाणें मुद्द्यावर बोट ठेवलें. "आजोबा, म्हणजे तो शब्द मीं घातला नव्हता, तुम्हीं घातला होतात. इच्छा माझी आणि विशेषण तुमचें." आम्ही म्हणालों, "होय." ती म्हणाली, "मग आतां मीच लिहितें, आणि मराठींत लिहितें."

सूनबाईंचा विरोध होता. विशेषण काढावयाचें तर नुसतें काढावें, त्याच्या जागीं आणखी स्पष्ट कांहीं घालूं नये, असें त्यांचें म्हणणें. आणि त्यांत व्यवहार नव्हता असें आम्ही म्हणणार नाहीं. पुतण्या दोन दिवस कांहींच बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं मुलीनें कागद आणून दिला. उंची, शिक्षण, नोकरी हें पूर्वींप्रमाणेंच. स्वभावाच्या रकान्यांत एकही विशेषण नाहीं, दोन वाक्यें आहेत. "मला भूजलावर पुढें संशोधन करावयाचें आहे, त्यासाठीं वर्षांतून दोन महिने खेड्यांत हिंडावें लागतें आणि लग्नानंतरही लागेल. घरांत माणसें पुष्कळ असलीं तर मला आवडतें."

आमच्यापुढें तो कागद तपासावयास ठेविला होता. तांबडी शाई आम्हीं सवयीनें काढली. एका वेलांटीखेरीज त्यांत कांहीं सांपडलें नाहीं. ती दुरुस्त केली आणि कागद परत दिला. काल संध्याकाळीं पुतण्यानें तो दोन नव्या घरीं पाठविला, आणि सूनबाईंच्या सांगण्यावरून, पहिल्या घरींही एक प्रत धाडली.